टॉवर, चूल आणि मशेरी



पाड्यावर मोबाइलचा टॉवर येणार म्हटल्यावर ग्रामसभेत दोन तट पडले. तरुणांना टॉवर हवा, कारण १०८ ला फोन लावायचा तर आजही टेकडी चढावी लागते. मागच्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाळंतिणीसाठी तिचा दीर रात्री चिखलातून टेकडीवर गेला होता. म्हाताऱ्यांना मात्र भीती. "ताई, त्या लहरींनी कॅन्सर होतो, बायांचे गर्भ पडतात म्हणे. खरं का?" एका आजोबांनी मला सगळ्यांसमोर विचारले. "वाचून सांगते," म्हणाले. हाच प्रश्न आपल्या मंडळ्यांतही निघतो, म्हणून वाचले ते इथे मांडते.

टॉवरच्या लहरी रेडिओच्याच जातीच्या. क्ष-किरणांसारख्या त्या पेशींतले रेणू तोडू शकत नाहीत. फार तीव्र असतील तर शरीर तापवतात, एवढा त्यांचा परिणाम पक्का ठाऊक आहे. गर्भ पडतात हे सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही.

कॅन्सरचे काय? १३ देशांतला इंटरफोन नावाचा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल वापरणाऱ्यांत एकंदरीत मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. पण सर्वांत जास्त बोलणाऱ्या एक-दशांश लोकांत एका प्रकारची गाठ थोडी अधिक आढळली. अडचण अशी की रुग्णांना, "काही वर्षांपूर्वी रोज किती वेळ बोलत होतात?" असे विचारून हा हिशेब केलेला. आजारी माणूस कारण शोधत असतो. त्याची आठवण आणि निरोगी माणसाची आठवण सारखी नसते. तुम्ही-आम्ही तरी मागच्या महिन्याचे सांगू शकू का?

तरीही सावधगिरी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या २ब गटात ठेवले. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध त्यात दिसला नाही.

आता त्याच संस्थेची यादी पुढे वाचा. लाकूडफाट्याच्या चुलीचा घरातला धूर २अ गटात, म्हणजे "बहुधा". आणि मशेरी, तंबाखू? पहिल्या गटात: निश्चित कर्करोगकारक. हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का ते सांगतात. पण टॉवरला भिणाऱ्या आमच्या आयाबाया रोज सकाळी मशेरी लावून धुरात भाकऱ्या थापतात.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर लांब असलेल्या गावात कानाला लावलेल्या फोनच्या लहरी उलट वाढतात. टॉवरच्या लहरी अंतराने झपाट्याने विरळ होतात. शिवाय १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या सरकारने टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. ज्यांना तरीही धास्ती वाटते त्यांनी स्पीकरवर बोलावे, मुलांच्या उशाशी फोन ठेवू नये. त्यात पैसा जात नाही.

पुढच्या ग्रामसभेत हे सारे सांगितले. आजोबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तो आश्रमशाळेपासून जरा लांब बसवता येईल?" ठरावात तसे लिहिले गेले. कमरेच्या तंबाखूच्या डबीविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.