नानांचा वायुभारमापक आणि जुनी इंदूरचा पाऊस

‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे’ हे वाक्य आपण आकाशवाणीवर ऐकतो, वर्तमानपत्रात वाचतो, आणि छत्री शोधायला उठतो. दाब कुणाचा, कशावर आणि तो कमी झाला तर पाऊस का पडावा, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाला हात लावलेला नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण हा विषय मी पुस्तकात शिकलो नाही. तो मला जुनी इंदूरमध्ये, आजोळच्या जिन्याखाली, गुडघाभर पाण्यात शिकावा लागला.

आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्र याच गोष्टीला ‘वायुभार कुसित’ म्हणतात. कुसित म्हणजे खचणे, कोसळणे. मराठी शब्द दाब कमी आहे एवढेच सांगतो. कन्नड शब्द त्याच्या खचण्याचे चित्र उभे करतो. मला येथे कन्नड शब्द अधिक नेमका वाटतो. दाब किती आहे यापेक्षा तो कालच्यापेक्षा आणि शेजारच्यापेक्षा किती खचला आहे यालाच हवामानात महत्त्व आहे.

हवेला वजन असते हे स्पष्टपणे दिसून आले ते पाऱ्यामुळे. इटलीच्या टॉरिचेली याने 1644 साली लिहिलेल्या पत्रात आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो अशा अर्थाचा विचार मांडला. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उपडी धरली तर पारा सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबतो, कारण बाहेरच्या हवेचे वजन त्याला तोलून धरते. पुढे 1648 मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने ही नळी फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर चढवली आणि वर जाता जाता पारा उतरलेला दिसला. डोक्यावरची हवा कमी, म्हणून वजन कमी. समुद्रसपाटीला एक चौरस मीटर जागेवर हवेचे सुमारे दहा टन ओझे असते. आपण त्याखाली चिरडत नाही, कारण हा दाब सर्व बाजूंनी आणि आतूनही सारखाच असतो.

नानांच्या, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांच्या, भिंतीवर पाऱ्याची नळी नव्हती. पितळी चौकटीचा, घड्याळासारखा दिसणारा ॲनेरॉइड वायुभारमापक होता. त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली धातूची चपटी डबी असते. बाहेरचा दाब वाढला की ती दबते, घटला की फुगते, आणि ही बारीकशी हालचाल तरफांच्या साहाय्याने मोठी होऊन काट्याला मिळते. तबकडीवर 26 पासून 31 पर्यंत इंचांचे आकडे, आणि आकड्यांच्या वर इंग्रजी शब्द: 28 वर ‘स्टॉर्मी’, 29 वर ‘रेन’, साडेएकोणतीसवर ‘चेंज’, 30 वर ‘फेअर’, 31 वर ‘व्हेरी ड्राय’.

या शब्दांनीच घोटाळा केला होता. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर पारा मुळातच 71 सेंटिमीटरच्या, म्हणजे 28 इंचांच्या आसपास राहणार. तबकडी बनवली ती समुद्राकाठच्या विलायती हवेसाठी. परिणामी नानांचा काटा उन्हाळा-हिवाळा, लग्नसराई-दिवाळी बाराही महिने ‘स्टॉर्मी’पाशी उभा! मालव्याची ती प्रसिद्ध गार संध्याकाळ, आकाशात ढगाचा तुकडा नाही, आणि काटा सांगतो वादळ. घरात त्याची थट्टा होई. पाहुणे आले की मामा म्हणत, “हा आमच्या नानांचा ज्योतिषी. मी जन्मलो तेव्हापासून तूफान येऊन राहिलं आहे.”

वास्तविक मागच्या बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवून समुद्रसपाटीचा दाब दिसेल अशी दुरुस्ती करता येते. हवामान खातेही नकाशा काढताना हेच करते. इंदूरचा, पुण्याचा, मुंबईचा दाब आहे तसा मांडला तर नकाशात केवळ डोंगर दिसतील, हवामान दिसणार नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब समुद्रसपाटीला आणून मगच समदाब रेषा काढतात. आपण वाणिज्य शाखेत निरनिराळ्या वर्षांचे आकडे आधारवर्षाच्या किमतींना आणून तुलना करतो, तसेच हे. नानांनी मात्र स्क्रूला हात लावू दिला नाही. ते शब्द वाचतच नसत. काट्याबरोबर एक दुसरा पितळी काटा असतो, हाताने फिरवण्याचा. तो ते रोज सकाळी दहाला खऱ्या काट्यावर आणून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी दहाला काचेवर बोटाने दोनदा टकटक करून दोन काट्यांमधील अंतर पाहत.

दहाच का, हे मला पुष्कळ दिवस कळले नव्हते. उष्ण कटिबंधात हवेलाही भरती-ओहोटी असते. सूर्याच्या उष्णतेने सबंध वातावरण हेलकावते आणि दाब सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्यात तीनचार मिलिबार, म्हणजे तबकडीवर इंचाचा जेमतेम दहावा भाग, काटा कोणतेही वादळ नसताना खाली येतो. आता मौज पाहा. पावसाळ्यातल्या साध्या कमी दाबाच्या क्षेत्रात फरक असतो तोही मोजक्या मिलिबारांचाच. ओडिशाच्या 1999 च्या महाचक्रीवादळात केंद्राचा दाब 912 मिलिबारपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. तसले काही मालव्यावर येत नाही. म्हणजे जो सकाळचा काटा दुपारच्या काट्याशी ताडून पाहील त्याला रोजच संकट दिसेल, आणि ज्याला रोज संकट दिसते त्याचे कुणी ऐकत नाही. दहाची तुलना दहाशीच केली पाहिजे.

आता दाब खचला की पाऊस का, ते पाहू. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघतो. पण पृथ्वी फिरत असल्याने तो सरळ पोहोचत नाही, उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतो आणि कमी दाबाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत राहतो. जमिनीशी घर्षण होत असल्यामुळे तो फिरता फिरता थोडा आतही शिरतो. चारी बाजूंनी आत आलेली हवा जाणार कुठे? जमिनीत शिरू शकत नाही. ती वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि प्रसरणाने थंड होते, कोरडी असेल तर दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी. थंड हवेत बाष्प मावत नाही. त्याचे ढग होतात. बाष्पाचे पाणी होताना जी उष्णता सुटते तिने हवा आणखी वर जाते. जास्त दाबाच्या क्षेत्रात सगळे उलटे: हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते, ढग विरतात. हिवाळ्यातले आपले निरभ्र आकाश त्याचेच.

माझ्यासारख्या हिशेबी माणसाला येथे एक शंका येते. भोवतालची हवा सतत आत येत असेल तर खड्डा भरून का निघत नाही? याचे उत्तर जमाखर्चात आहे. खाली जेवढी हवा जमा होते त्याहून अधिक वरच्या थरांत, दहाबारा किलोमीटर उंचीवर, बाहेर खर्ची पडत असेल तोपर्यंत शिल्लक घटतच जाते, म्हणजे दाब खचतच जातो. खर्च जमेपेक्षा कमी झाला की क्षेत्र विरते. वायुभारमापक ही शिल्लक दाखवणारी वही आहे.

2020 च्या मार्चमध्ये मी सुट्टीसाठी इंदूरला गेलो आणि टाळेबंदीत अडकलो. शाळा बंदच होत्या, म्हणून ऑगस्टपर्यंत तेथेच राहिलो. माझे वय पंधरा. नानांची नजर अधू झाली होती, त्यामुळे काटा वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरावर एकामागून एक पाच कमी दाबाची क्षेत्रे तयार झाली. त्यांतलेच एक पश्चिमेकडे सरकत मध्यप्रदेशावर आले. 21 तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाचा काटा पितळी खुणेच्या खाली होता. आदल्या दिवशीही खालीच होता. नाना गच्चीवर गेले आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. उत्तर गोलार्धात असे उभे राहिले की कमी दाब डाव्या हाताला असतो. हा बॉईज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा नियम. वारा पश्चिमेचा होता, डावा हात उत्तरेकडे. क्षेत्र आपल्या उत्तरेला असेल तर अरबी समुद्रावरचे बाष्पही आपल्याच माथ्यावरून ओढले जाणार, असे त्यांनी मला समजावले. शिवाय पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येकडील भागात पाऊस सर्वांत जोराचा होतो.

रात्री दहाला काटा नेहमीसारखा वर यायला हवा होता. तो जेमतेम हलला. नाना मामांना म्हणाले, “पोती वर घेऊन टाक.”

जिन्याखाली मामांचा सणासुदीचा माल होता: साबुदाणा, पोहे, बेसन, गूळ मिळून बावीस पोती, बरीचशी उधारीवर आणलेली. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी. मामा दिवसभर थकले होते. ते काट्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “नाना, तो तर ‘स्टॉर्मी’च सांगणार!” नाना काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. काटा मी वाचला होता, दहाशी दहा ताडून पाहणे मला कळले होते. पण मोठ्यांच्या मध्ये कशाला पडा, म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणे मला अजून बोचते.

त्या रात्रीपासून 22 ऑगस्टच्या सकाळपर्यंत इंदूरला दहा इंचांहून अधिक पाऊस झाला. इंदूरकर पाऊस इंचांत मोजतात. सबंध पावसाळ्याची सरासरी सुमारे 37 इंच; तिचा चौथ्याहून मोठा हिस्सा एका रात्रीत. खान नदी, जिला कान्हही म्हणतात, आमच्या बाजूने चढली आणि पहाटे चारला जिन्याखाली पाणी होते. गूळ विरघळला, साबुदाणा फुगून पोती उसवली. आठ पोती वाचली. गणपती मात्र बसला, वरच्या मजल्यावर, भिजलेल्या पोत्यांच्या वासात.

काट्याने काय सांगितले होते आणि काय नव्हते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दाब खचतो आहे, क्षेत्र जवळ आहे, पाऊस होईल, इतके त्याने सांगितले. दहा इंच, आणि तेही आमच्याच वस्तीवर, हे त्याने सांगितले नाही. एका ठिकाणचा एक काटा ते सांगू शकत नाही. त्यासाठी शेकडो ठिकाणचे दाब, वरच्या थरांतले वारे, उपग्रहाची चित्रे आणि रडार लागते, आणि एवढे असूनही नेमक्या गावाचा नेमका आकडा पुष्कळदा हुकतो.

मग पोती उचलावी की नाही? पुढे बी.कॉम.ला आल्यावर मी हा हिशेब मांडला. बावीस पोती वर नेऊन पुन्हा खाली आणायला हम्माली सुमारे आठशे रुपये. माल साठ हजारांचा. साठ हजारांत आठशे पंचाहत्तर वेळा जातात. म्हणजे चौऱ्याहत्तर वेळा फुकट उचलली आणि पंचाहत्तराव्या वेळी पूर आला, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. पूर येण्याची शक्यता पंचाहत्तरात एकापेक्षा जास्त वाटली की उचलणेच फायद्याचे. मामांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “हिशेब बरोबर आहे, पण रात्री दहाला हम्माल कुठून आणशील?” हा खर्च मी धरला नव्हता. 2021 मध्ये दोनदा त्यांनी पोती वर नेली. दोन्ही वेळा पाऊस रिमझिम पडून गेला. तिसऱ्यांदा न नेता त्यांनी जिन्याखाली विटांचा अडीच फुटी ओटा बांधून घेतला.

नाना गेल्यावर वायुभारमापक मामींनी मला दिला. 2025 च्या मे महिन्यात तो टॉवेलात गुंडाळून मी पुण्याच्या गाडीत बसलो. रात्रभर अधूनमधून बॅग उघडून पाहत होतो. इंदूरला 28 पाशी असलेला काटा गाडी माळवा उतरू लागली तसा चढत गेला आणि सुरतेच्या आसपास, माझ्या माहितीत प्रथमच, ‘चेंज’च्या थोडा पुढे उभा राहिला. हवामान तेच, फक्त डोक्यावरची हवा वाढली होती. सकाळी कल्याणनंतर घाट लागला आणि लोणावळ्याला तो परत ‘स्टॉर्मी’च्या खाली आला. वरच्या बर्थवरचे गृहस्थ विचारू लागले, “घड्याळ बंद पडलंय का?”

आता तो बेळगावला माझ्या टेबलावर आहे. आपले गाव इंदूरपेक्षाही दोनशे मीटरांनी उंच, त्यामुळे काटा साडेसत्ताविसाच्याही खाली, जेथे तबकडीवर एकही शब्द छापलेला नाही. सकाळी दहाला कॉलेज असते, म्हणून मी रात्री दहाची खूण धरतो.