खडकवासल्याचे जहाज

पाथरीच्या मुलास गोदावरीचे पात्र परिचयाचे असते. समुद्र मात्र त्याने बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यातील पुष्कळ जवानांची स्थिती अशीच होती. शेतकऱ्यांच्या ह्या मुलांनी लाट कधी पाहिली नव्हती, आणि १९४२ साली जपानने मलाया व ब्रह्मदेश जिंकल्यावर तर समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याची विद्या सैन्याला शिकणे भाग पडले.

ती शिकविण्यासाठी जी स्थळे निवडली गेली, त्यांतील एक सह्याद्रीच्या पूर्वेस, पुण्याजवळ होते. मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या खडकवासला धरणाच्या जलाशयाकाठी संयुक्त प्रशिक्षण केंद्र निघाले आणि उत्तर तीरावर चक्क एक जहाज उभे राहिले! ते खरे नव्हते, सरावापुरते केलेले होते. नाव मात्र खऱ्या जहाजाच्या थाटाचे : 'एच. एम. एस. अँगोस्टुरा'. तळ्याला भरती-ओहोटी नाही, तुफान नाही. पण नवशिक्यास तेच सोयीचे.

किनाऱ्यावर उतरणे दिसते तितके सोपे नव्हे. जहाजाच्या उंच कडेवरून दोरांची जाळी सोडलेली असते. पाठीवर ओझे व खांद्यावर बंदूक घेऊन जवानाने तिच्यावरून खालच्या डुलत्या होडीत उतरावयाचे. होडी उथळ पाण्यात आली, की तिची पुढची फळी धाडकन खाली पडते. मग पाणी तुडवीत तीर गाठावयाचा. पाय चुकला, तर ओझ्यासह माणूस तळाशी! १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या रामरी बेटावर भारतीय पलटणी समुद्रातूनच उतरल्या.

युद्ध संपले व जहाज निकामी झाले. परंतु तिन्ही सैन्यदलांच्या एकत्र शिक्षणासाठी जागा शोधताना मुंबई बंदर व लोहगावचा विमानतळ ह्यांच्याबरोबर हे जुने केंद्रही जमेस धरले गेले. मुंबई सरकारने जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली. सुमारे ७,००० एकरांवर पसरलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी ती हीच.

युद्धाच्या सरावाने जमिनीचे सहसा भले होत नाही. हवाई द्वीपसमूहातील काहोओलावे बेटावर १९४१ पासून १९९० पर्यंत बाँब व तोफगोळे टाकले गेले. पुढे कित्येक वर्षे सफाई होऊनही तेथील सर्व जमीन निर्धोक झालेली नाही. खडकवासल्याच्या वाट्याला वेगळे आले. येथे पहारा वनाच्या उपयोगी पडला. वाटेल त्यास प्रवेश नाही, घरे उठविण्यास वाव नाही. त्यामुळे टेकड्यांवर झाडी टिकली, मोर राहिले, क्वचित बिबट्याही दिसतो. हे सारे वृक्षप्रेमाने घडले असे मात्र नव्हे. पहारा होता तो सैनिकी कारणासाठी. समोरच्या तीरावरून सिंहगडाचा रस्ता जातो. सुट्टीच्या दिवशी तेथे गर्दी उसळते, कणसे भाजली जातात, आणि कागद नि बाटल्या काठावर पडून राहतात. दोन्ही तीरांमधले पाणी एकच. तेच पुणेकरांच्या घरी जाते.

प्रबोधिनीच्या बाजूच्या एका वळणास 'पीकॉक बे', म्हणजे मोराची खाडी, म्हणतात. तेथे छात्र शिडाची होडी हाकावयास शिकतात. त्यांच्यातही समुद्र न पाहिलेला एखादा असतोच.