मालवणला गाळा घ्यायचा? आधी पावसाळ्याचा हिशोब करा

गेल्या आठवड्यातला व्हिडिओ पाहिल्यावर चोपड्याकडच्या एका ताईंनी विचारलं, "सर, महामार्गात जमीन गेली, मोबदला आलाय. मिस्टर म्हणतात मालवणला दुकानाचा गाळा घेऊन टाकू, पर्यटन वाढतंय, भाडं चालू राहील. करावं का?" असे प्रश्न आता जळगाव, धुळे, शिरपूर, अमळनेर सगळीकडून येतात. कुणाकडे मोबदल्याची रक्कम आहे, कुणाकडे दोन वर्षांच्या केळीची शिल्लक. पैसा एकदाच आलेला आहे, पुन्हा येणार नाही. म्हणून व्हिडिओत घाईत राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आधी गावाची ओळख करून घेऊ, कारण गुंतवणूक गावात होते, ब्रोशरमध्ये नाही. मालवणसमोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला, १६६७ मध्ये पुरा झाला. एकूण ४८ एकरांचा पसारा. आजही बहुतेक पर्यटक मालवणच्या जेट्टीवरून होडीने किल्ल्यावर जातात. शेजारी तारकर्लीचा किनारा, तिथे स्कूबा डायव्हिंग, एमटीडीसीचं रिसॉर्ट. जिल्ह्याला १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचं विमानतळ उघडलं. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात सिंधुदुर्ग आहे.

हे सगळं खरं आहे. गाळा विकणारा माणूसही तुम्हाला हेच सांगणार, आणि तो खोटं बोलत नसतो. पण गावात पर्यटक येणं वेगळं आणि तुमच्या गाळ्याचं भाडं येणं वेगळं. मधे एक मोठी गोष्ट आहे, तिचं नाव पावसाळा.

आपल्याकडे पाचकंदीलला किंवा फुले मार्केटला दुकान असलं तर बाराही महिने गिऱ्हाईक असतं. लग्नसराईत जास्त, श्रावणात कमी, पण शटर रोज उघडतं. मालवणला मे संपला की समुद्र खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू हालचाल सुरू होते. गणपतीला बाजार फुलतो खरा, पण ती गर्दी मुंबईहून घरी आलेल्या चाकरमान्यांची. त्यांना मखर, किराणा, मिठाई लागते. काजूगराचं गिफ्ट पॅक किंवा 'आय लव्ह मालवण'चा टी-शर्ट नाही. पर्यटकांचा खरा हंगाम म्हणजे दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, आणि एप्रिल-मे. मधल्या काळात शनिवार-रविवार.

म्हणजे तुमचा भाडेकरू बारा महिन्यांचं भाडं आठ महिन्यांत कमावतो. तो हुशार असेल तर करार करतानाच म्हणेल, "पावसात अर्धं देतो." आणि हुशार नसेल तर जूनमध्ये कुलूप लावून निघून जाईल. दोन्हीत झळ तुम्हालाच.

आता आकडे मांडू. हे मी समजावण्यासाठी धरलेले आकडे आहेत, मालवणचा आजचा भाव म्हणून कुणाला सांगू नका. समजा गाळा ४० लाखांचा. स्टँप ड्युटी, नोंदणी, वकील मिळून सात टक्के धरले तर २ लाख ८० हजार. शटर, वायरिंग, रंग, वीज मीटर वगैरेचे १ लाख २० हजार. झाले ४४ लाख. विकणारा म्हणतो, भाडं महिना १८ हजार. तो काय करतो, १८ गुणिले १२, म्हणजे २ लाख १६ हजार, भागिले ४० लाख, "बघा, साडेपाच टक्के पडतात, वरून किंमत वाढणार!"

आता आपण करू. आठ महिने १८ हजार, म्हणजे १ लाख ४४ हजार. चार महिने आठ हजार धरले, तेही मिळाले तर, ३२ हजार. एकूण १ लाख ७६ हजार. यातून घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, विमा, दरवर्षीची डागडुजी आणि वर्षातून दोनदा तुमची जळगाव-मालवण वारी. हे सगळं ३६ हजारांत बसवलं तर हातात राहिले १ लाख ४० हजार. भागिले ४४ लाख. तीन टक्के आणि थोडे पैसे.

तेच ४४ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २ लाख ८६ हजार येतात, आणि बँकेचं शटर गंजत नाही. म्हणजे दर वर्षी साधारण दीड लाखाचा फरक. हा फरक भरून निघायला गाळ्याची किंमत दर वर्षी सव्वातीन टक्क्यांच्या वर वाढली पाहिजे, आणि नुसती कागदावर नाही, विकताना तेवढे देणारा माणूस उभा राहिला पाहिजे. वाढू शकते, अशक्य नाही. पण मग तुम्ही भाड्यासाठी गाळा घेत नाही आहात, भाव वाढण्यावर पैज लावताय. हे घरात मिस्टरांशी, वडिलांशी बोलताना स्पष्ट शब्दांत बोला.

आणि कर्ज काढून? समजा २० लाख दहा टक्क्यांनी काढले. नुसतं व्याजच पहिल्या वर्षी दोन लाखांच्या आसपास. भाडं १ लाख ४० हजार. वरचं व्याज आणि मुद्दल कपाशी विकून भरायचं का?

खारं वारं

डागडुजीला मी जो आकडा धरला तो कमीच आहे. समुद्राजवळ लोखंड टिकत नाही. शटर, ग्रिल, एसीचं आउटडोअर युनिट, बोर्डाची फ्रेम, सगळ्याला खारी हवा लागते. आपल्याकडे दहा वर्षं चालणारी वस्तू तिथे तीन-चार वर्षांत बदलावी लागते. शिवाय वादळं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात घरांचे पत्रे उडाले, झाडं पडली, वीज गेली. त्याआधी वर्षभर निसर्ग वादळाने रायगड झोडपलं होतं. विमा काढताना नुसता आगीचा काढू नका. वादळ, पूर, पाणी शिरणं हे पॉलिसीत लिहिलेलं आहे का ते बघा.

कागद: इथे आपला खान्देशी अनुभव पुरत नाही

जमिनीच्या व्यवहारात आपली माणसं तरबेज आहेत हो, सातबारा डोळे मिटून वाचतात. पण किनाऱ्यावर दोन कायदे असे आहेत की रावेर-यावलच्या माणसाचा त्यांच्याशी कधी संबंधच आलेला नसतो.

पहिला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. २०१९ ची अधिसूचना आहे. समुद्राच्या भरतीची जी वरची रेषा, तिच्यापासून अंतर मोजतात. नगर परिषदेच्या हद्दीतला आधीच बांधलेला भाग साधारणपणे सीआरझेड २ मध्ये येतो. तिथे नवं बांधकाम अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येतं, समुद्राच्या बाजूला नाही. ग्रामीण भागात सीआरझेड ३. कमी वस्तीच्या गावात पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. खाडीलाही हे नियम लागतात, फक्त अंतर कमी. म्हणून "सर, एकदम बीच टच आहे" असं कुणी म्हटलं की खूश होऊ नका, तिथेच पहिला प्रश्न विचारा: बांधकाम परवानगी कुठल्या सालची, कुणाची, आणि सीआरझेडच्या मंजूर नकाशावर हा सर्व्हे नंबर कुठे पडतो? लेखी उत्तर घ्या. बेकायदा बांधकाम पाडलं तर तुमचं खरेदीखत तुम्हाला वाचवत नाही, नोंदणी कार्यालयात व्यवहार नोंदला गेला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही. हे वाक्य मी व्हिडिओत दोनदा म्हटलं होतं, इथे परत लिहितो.

दुसरा कायदा ऐतिहासिक वास्तूंचा. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊनच. सिंधुदुर्ग पाण्यात आहे, त्यामुळे बाजारपेठेला याचा त्रास कमी. पण विजयदुर्गसारखा किल्ला गावाला लागून आहे, तिथे "किल्ल्याच्या दारात गाळा" म्हटलं की सावध. नुसतं नवं बांधकामच नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते.

गाळ्याऐवजी जमीन घेऊन स्वतः बांधायचा विचार असेल तर आणखी गुंता. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आपण शेतकरी असल्याने तो प्रश्न सुटतो. पण कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नेहमीचं. निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारस नोंद झालेली नाही. एका भावाने सही केली म्हणजे जमीन मिळाली नाही, त्याचा हिस्सा मिळाला, तोही वाटप न झालेला. भोगवटादार वर्ग २, देवस्थान इनाम असे शेरेही बघा. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत तर कबुलायतदार गावकर नावाचा वेगळाच जमिनीचा प्रश्न वर्षानुवर्षं चालत आलाय. तिथल्या माणसालाही तो समजावून सांगायला अर्धा दिवस लागतो!

तयार गाळ्याला एवढं नसतं, तरी मालमत्ता पत्रक, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, भोगवटा प्रमाणपत्र आणि नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक हे हवंच. ठराविक मर्यादेपेक्षा मोठा प्रकल्प असेल तर महारेरा नोंदणी लागते, दुकानांच्या प्रकल्पालाही. वकील सिंधुदुर्गातलाच घ्या, पण विकणाऱ्याने सुचवलेला नको. कणकवली, कुडाळ, ओरोसला भरपूर वकील आहेत. दहा-पंधरा हजार फी वाचवायची जागा ही नव्हे.

"गाळा घ्या, आम्हीच चालवतो, दरमहा ठरलेलं भाडं देतो" अशा योजनेबद्दल पण लोक विचारतात. ते भाडं कुठून येणार ते विचारा. बऱ्याचदा तुमच्याकडून घेतलेली जास्तीची किंमतच तुम्हाला हप्त्याने परत मिळत असते आणि दोन-तीन वर्षांत थांबते.

मग काय करायचं?

तुम्ही उद्योजक व्हायला इथे येता, नुसते भाडं खाणारे व्हायला नाही. मालवणसारख्या गावात पैसा गाळ्यात कमी आणि गाळ्यात चालणाऱ्या धंद्यात जास्त आहे. म्हणून माझं मत: पहिला हंगाम भाड्याने घ्या. ऑक्टोबर ते मे, लिव्ह अँड लायसन्सवर. चाळीस लाख अडकण्याऐवजी डिपॉझिट, माल आणि आठ महिन्यांचं भाडं एवढाच धोका. धंदा नाही जमला तर जूनमध्ये सामान टेम्पोत घालून घरी.

कुठला धंदा? सगळेच मालवणी थाळी काढतात, त्यात स्थानिकांशी स्पर्धा करू नका, हरणार. पण कोकणात फिरायला येणाऱ्या शाकाहारी कुटुंबांची अडचण कुणी विचारलीय का? आपल्या भागातून, गुजरातमधून, विदर्भातून येणारी अनेक कुटुंबं मासे खात नाहीत. चांगली शेवभाजी, भरीत-भाकरी, ठेचा देणारी स्वच्छ खानावळ चालेल का, हे एका हंगामात कळतं. भरीताची वांगी तिथे आपल्यासारखी मिळणार नाहीत, हे मात्र आधीच धरा.

भाड्याने घेताना करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, स्टँप ड्युटी फार नाही आणि ऑनलाइन नोंदणी होते. पावसाळ्यातलं भाडं, वीज बिल, शटर गंजलं तर खर्च कुणाचा, हे करारात स्वच्छ लिहा. तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल आणि मालक नसेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हाला स्वतः भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना यातून सूट मिळाली आहे. सीएला आधी विचारा.

हंगाम चालू असताना रोज संध्याकाळी तीन गोष्टी वहीत लिहा: दुकानात किती माणसं आली, किती विक्री झाली, आणि आजूबाजूच्या किती गाळ्यांना कुलूप होतं. तिसरा आकडा सगळ्यात कामाचा. एकदा जुलैतही मालवणला जाऊन या, मुद्दाम, मंगळवार-बुधवारी. कुडाळ स्टेशनवरून साधारण तीस किलोमीटर आहे. जेट्टीवर उभे राहा, बाजारपेठेत एक चक्कर मारा, चहा घेताना दुकानदाराशी बोला. कुठला गाळा पावसातही उघडा असतो ते दिसेल: औषधाचं दुकान, किराणा, मोबाईल रिपेअरिंग, बेकरी. म्हणजे गावातल्या माणसांवर चालणारी दुकानं. खरेदीच करायची झाली तर अशा रस्त्यावरचा गाळा बघा, किल्ल्याचा नजारा दिसत नसला तरी. त्याचं भाडं बाराही महिने मिळण्याची शक्यता जास्त.

तोपर्यंत ताईंसारख्यांनी मोबदल्याची रक्कम वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवींमध्ये ठेवा, एकाच ठेवीत नको, म्हणजे मोडायची वेळ आली तर सगळी मोडावी लागणार नाही. टोकन, बयाणा, "फक्त नाव नोंदवायला एकवीस हजार" असलं काहीही, वकिलाने कागद बघेपर्यंत द्यायचं नाही. वरच्या हिशोबाचा तक्ता तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी भरा आणि व्हिडिओखाली टाका, पुढच्या रविवारी त्यातले तीन-चार आपण सगळ्यांसमोर सोडवू.