जीवनसत्त्व ‘क’ : ताटापासून रक्तापर्यंत

नवी मुंबईत तुर्भे येथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. मुंबई शहरातील भाजीपाला व फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये येथे आला. नाशिक, पुणे, सातारा या जिल्ह्यांतून भाजीच्या गाड्या रात्रीच येथे लागतात. श्रीगोंद्याची लिंबे, राहात्याचे पेरू, नागपूरची संत्री हंगामाप्रमाणे उतरतात. सकाळ उलटण्यापूर्वी हा माल नेरूळ, ऐरोली, खारघर, पनवेल येथील किरकोळ विक्रेत्यांच्या हाती पडलेला असतो. या मालाबरोबर असा एक पदार्थ येतो की ज्याचे वजन होत नाही आणि भावही निघत नाही. तो म्हणजे जीवनसत्त्व ‘क’, अर्थात ॲस्कॉर्बिक आम्ल. भाजी शेतातून निघाल्यापासून घरात शिजेपर्यंत ते सतत घटत असते. जे उरते, त्याचे शरीरात काय होते हे समजून घेणे आहाराच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे.

शेळी, गाय, कुत्रा या प्राण्यांना हे जीवनसत्त्व अन्नातून मिळवावे लागत नाही. त्यांच्या यकृतात ते साखरेपासून तयार होते. मनुष्याला मात्र ही सोय नाही. ते तयार करण्याच्या क्रियेतील शेवटच्या पायरीला लागणारे विकर, म्हणजेच एंझाइम, मनुष्याच्या शरीरात निर्माण होत नाही. त्या विकराचे जनुक आपल्या पेशींत आजही आहे. परंतु ते लक्षावधी वर्षांपूर्वीच निकामी झाले आहे. माकडांच्या बहुतेक जाती व गिनीपिग यांचीही हीच स्थिती आहे. या बाबतीत दारातली शेळी तिच्या मालकापेक्षा अधिक स्वावलंबी म्हणावी लागेल.

आतड्यातील वाट

अन्नातील ‘क’ जीवनसत्त्व मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते. आतड्याच्या अस्तरातील पेशींवर विशिष्ट प्रथिने असतात. ती सोडियमच्या साहाय्याने या जीवनसत्त्वाचे रेणू आत ओढून घेतात आणि तेथून ते रक्तात जातात. या वाहक प्रथिनांची क्षमता मर्यादित असते. दिवसभरात ३० ते १८० मिलिग्रॅम जीवनसत्त्व पोटात गेले, तर त्यातील ७० ते ९० टक्के शोषले जाते. तेच प्रमाण एक ग्रॅमच्या वर गेले, तर निम्म्याहून कमी शोषले जाते. रक्तात आलेले जादा जीवनसत्त्वही तेथे टिकत नाही. मूत्रपिंडे ते गाळतात, शरीराला हवे तेवढे परत घेतात आणि उरलेले लघवीवाटे बाहेर टाकतात. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या पुढे कितीही घेतले, तरी रक्तातील पातळी फारशी चढत नाही.

कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा खप अतोनात वाढला होता. आजही सर्दी झाली की पाचशे किंवा हजार मिलिग्रॅमची गोळी घेण्याची पद्धत आहे. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीने ती लवकर बरी होते असे प्रयोगांतून सातत्याने दिसून आलेले नाही. दिवसाला दोन ग्रॅमच्या पुढे गेल्यास जुलाब होऊ शकतात आणि ज्यांची तशी प्रवृत्ती आहे त्यांना मुतखड्याचा धोका वाढतो. त्या मानाने पेरूची एक फोड स्वस्तही पडते आणि जास्त अंगी लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दीड ग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. पांढऱ्या रक्तपेशी, मेंदू व अधिवृक्क ग्रंथी ते रक्तापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात राखून ठेवतात. परंतु दीर्घकाळ पुरेल असे कोठार शरीरात नाही. अन्नातून पुरवठा पूर्णपणे थांबला, तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागतात. त्वचा, हाडे, रक्तवाहिन्या व हिरड्या यांना मजबुती देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट पिळले जाण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास धागे सैल राहतात. मग हिरड्यांतून रक्त येते, त्वचेखाली रक्त साकळते, जखमा भरत नाहीत.

कुतचा वेढा

या रोगाचा एक दारुण अनुभव मराठी सैनिकांनी घेतलेला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत येथे सहावी अर्थात पुणे डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. तीत मराठा पलटणीही होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी पडलेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. ताजी भाजी व फळे मिळण्याचा मार्ग बंद झाला होता. गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे ताजे मांस खाल्ले. त्यातून अल्प का होईना, ‘क’ जीवनसत्त्व त्यांना मिळाले. अनेक भारतीय सैनिकांनी धर्मभावनेमुळे ते मांस दीर्घकाळ नाकारले आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. उलट पांढऱ्या पिठाच्या पावावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरीने गाठले. जाडेभरडे पीठ खाणारे भारतीय सैनिक त्या रोगापासून बचावले.

पुढे याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. कोरड्या कडधान्याने स्कर्व्ही टळत नाही. पण तेच भिजवून मोड आणले तर टळते, असे त्यांना आढळले. कोरड्या मटकीत किंवा मुगात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. अंकुर फुटताना बी ते स्वतः तयार करते. मोड आलेल्या १०० ग्रॅम मुगात ते सुमारे १० ते १५ मिलिग्रॅम भरते. दिवसाला १० मिलिग्रॅमनेही स्कर्व्ही टळते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. मोडाची मटकी महाराष्ट्राच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी कुतच्या सैनिकांच्या शिध्यात असती, तर अनेकांचे हाल वाचले असते.

लोहाची सांगड

आज महाराष्ट्रात स्कर्व्ही क्वचितच आढळते. खरा प्रश्न रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील सुमारे ६९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. याची कारणे अनेक आहेत. परंतु लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

बाजरी, डाळी, पालेभाज्या यांत लोह असते. परंतु ते सहज शोषले न जाणाऱ्या रूपात असते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट व चहातील टॅनिन त्याला बांधून ठेवतात आणि त्याचा मोठा भाग शरीरात न शिरताच बाहेर पडतो. त्याच घासाबरोबर ‘क’ जीवनसत्त्व आले, तर ते लोहाचे रूप बदलते, त्याला विद्राव्य ठेवते आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागात त्याचे शोषण होऊ देते. एकाच जेवणापुरत्या केलेल्या प्रयोगांत यामुळे लोहाचे शोषण दुपटी-तिपटीने वाढलेले आढळले आहे. रोजच्या संपूर्ण आहारात हा लाभ काहीसा कमी दिसतो, तरीही तो नगण्य नाही. अट एवढीच की दोघांची गाठ एकाच जेवणात पडली पाहिजे. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या भाकरीतील लोहाला फारसा उपयोगी पडत नाही.

प्रमाणाचाही विचार हवा. ज्या जेवणात ३ मिलिग्रॅम लोह आहे आणि फायटेटही भरपूर आहे, तेथे सुमारे ४० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असावे. एका लिंबाच्या रसातून साधारणतः १० ते १५ मिलिग्रॅमच मिळते. म्हणून ताटातील लिंबाची लहानशी फोड पुरेशी नाही. तिच्या जोडीला कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर, भरपूर कोथिंबीर असावी. पेरूत मात्र १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. आवळ्याबाबत जुन्या तक्त्यांत ६०० मिलिग्रॅम हा आकडा दिला जाई. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तो सुमारे २५० आहे. तरीही तो इतर बहुतेक फळांच्या पुढेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ८० आणि स्त्रीसाठी ६५ मिलिग्रॅम ही शिफारस केली. गर्भवतीला व स्तनदा मातेला ते अधिक लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचीही गरज वाढते.

एवढे जीवनसत्त्व बाजारातून ताटापर्यंत पोचणे मात्र सोपे नाही. ते पाण्यात विरघळते, हवेने व उष्णतेने नष्ट होते. भाजी चिरून मग धुतल्यास बरेचसे धुणाच्या पाण्यात जाते. भाजीचा रंग हिरवा राहावा म्हणून टाकलेला सोडा त्याचा नाश करतो. तुर्भ्याहून निघालेली पालेभाजी उन्हात सुकत राहिली, तर घरी पोचेपर्यंत तिच्यातील मोठा भाग गेलेला असतो. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी आणि लिंबू आच बंद केल्यावरच पिळावे.

पनवेल व उरण तालुक्यांतील ग्रामपंचायतींना शाळा व अंगणवाडीच्या आवारात पेरू, शेवगा, लिंबू यांची रोपे लावता येतील. शालेय पोषण आहारात उसळ होते त्या दिवशी वर कोथिंबीर व लिंबू, आणि हंगामात पेरूच्या फोडी देणे मुख्याध्यापकांना अवघड नाही. लोहाची साप्ताहिक गोळी देण्याचा दिवसही पेरूच्या फोडींना जोडून ठेवता येईल. थॅलॅसेमियासारख्या विकारामुळे ज्या मुलांच्या शरीरात लोह साठत जाते, त्यांच्याबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. शिक्षकांनी पालकांच्या सभेत आणखी एक गोष्ट सांगावी : जेवणाला लागून चहा घेऊ नये, मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा.