इनामगावचे पाच खोल्यांचे घर

जुने घर म्हटले की भाजलेल्या विटांचा, सागवानी खांबांचा पेशवाईतील वाडा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे त्याहून कितीतरी प्राचीन घरे मातीखाली दडलेली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथील टेकाडांचे उत्खनन केले, तेव्हा शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. त्यांतील सर्वांत जुनी घरे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

या घरांना भाजलेली वीट ठाऊक नव्हती. सिंधूकाठच्या मोहेंजोदडो नगरात ती शेकडो वर्षे आधी वापरात होती. घोडकाठचा शेतकरी मात्र मातीची बसकी भिंत घाली, तिच्यावर कूड उभा करून तो लिंपून घेई आणि वर गवताचे छप्पर शाकारी. मग हजारो वर्षांनंतर ही घरे ओळखली तरी कशी? खांबांचे लाकूड कुजून गेले, पण ते रोवलेल्या खळग्यांतील माती निराळ्या रंगाची राहिली. त्या खळग्यांच्या रांगा जुळविल्या, चोपलेली जमीन व चूल सापडली, की घराचा आकार स्पष्ट होई.

बहुतेक घरे लहानच होती. गावाच्या मध्यभागी मात्र पाच खोल्यांचे एक ऐसपैस घर निघाले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार! कोठारात पेवे होती, कणग्या ठेवण्याचे ओटेही होते. घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा एक रांजण सापडला. त्यात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाला मांडी घालून बसविल्याप्रमाणे पुरले होते. इतर प्रौढांना आडवे, उत्तरेकडे डोके करून पुरीत. हा मान ज्याला मिळाला तो गावचा प्रमुख असावा, असे उत्खनन करणारे विद्वान मानतात. गावकरी आपल्या पिकाचा वाटा त्याच्या कोठारात आणून घालीत असावेत.

सातू हे त्यांचे मुख्य पीक. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घालून पाटही खणला होता. तरीही इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान, वाटोळ्या झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती पिकेनाशी झाली व माणसे शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागली, असे संशोधकांचे अनुमान आहे. पावसाने ओढ दिली म्हणजे काय होते, हे शिरूर-दौंडकडील मुलांना सांगावयास नकोच. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ते गाव ओस पडले.