गारठा तळ्याकाठी, ऊब टेकडीवर

प्रश्न : डिसेंबरात आम्ही काही मित्र पहाटेच कंधारला पोचलो. जगत्तुंग तळ्याच्या काठानं चालताना बोटं आखडली होती. शेजारची टेकडी चढून गेलो, तर स्वेटर काढावासा वाटला. वरून पाहिलं तर तळ्यातून वाफा निघत होत्या. उंचावर थंडी वाढते, असं शाळेत शिकलो. इथं उलटं कसं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आधी एक शंका मिटवू. चढ चढला की अंग तापतंच. म्हणून पुढच्या वेळी वर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसते बसा आणि मग थंडीचा अंदाज घ्या. त्यानंतरही ऊब जाणवली, तर ती हवेतली समजा.

शाळेतला नियम खोटा नाही. दर 1,000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे शंभर मीटरच्या टेकडीवर जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक. पण हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हा हिशेब उलटतो. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळल्यावर उष्णता आकाशाकडे सोडते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती अडवायला ना ढग असतात, ना पुरेशी वाफ. जमीन झपाट्यानं गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. गार हवा जड असते. ती उताराउतारानं सरकत खोलगट जागी साठते आणि त्यामानानं उबदार हवा वर राहते. हवामानशास्त्रात याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. अशा पहाटे थोड्याशा चढातही काही अंशांचा फरक पडू शकतो.

आता कंधारची जागा पाहा. गाव बालाघाटच्या टेकड्यांमध्ये, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेलं. जगत्तुंग तळं राष्ट्रकूटांच्या काळातलं; कंधारच्या शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ असा त्याचा उल्लेख आहे. भोवतालच्या उतारांवरचं पाणी जिथं आपोआप येतं, तिथंच बांध घालण्यात शहाणपण होतं. पावसाळ्यात पाणी ज्या वाटांनी तळ्याकडे येतं, त्याच वाटांनी हिवाळ्याच्या रात्री गार हवा उतरते. तुमची बोटं आखडली ती त्यामुळे.

मग त्याच गारठ्यात तळं वाफाळतं कसं? जमिनीच्या मानानं पाणी फार सावकाश निवतं. एक किलो पाणी एक अंशानं गार व्हायला जेवढी उष्णता सोडतं, ती एक किलो कोरड्या मातीच्या साधारण पाचपट असते. शिवाय पृष्ठभागावरचं गार झालेलं पाणी तळाशी जातं आणि खालचं ऊबदार पाणी वर येतं. म्हणून पहाटे तळ्याचं पाणी काठावरच्या हवेपेक्षा गरम असतं. त्यातून उठलेली वाफ थंड हवेत शिरताच तिचे बारीक थेंब होतात. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही पाहिलं ते पाण्यावरचं धुकं.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. लवणातल्या रानात धुई आणि दहिवर जास्त, माळावर कमी, हे त्याला ठाऊक असतं. तूर फुलोऱ्यात असताना धुई पडली की त्याचा जीव खालवर होतो, तो आधी अशाच खोलगट रानासाठी. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तीही जमिनीलगत साचलेल्या याच गार हवेशी झुंज असते.

टेकडीवरून आणखी एक खूण दिसेल. गावातल्या चुलींचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. जिथं तो अडतो, तिथून वर उबदार हवेचा थर आहे असं समजा. सूर्य वर आला, जमीन तापली, की हा थर मोडतो आणि शाळेतला नियम पुन्हा लागू होतो.

पडताळा घ्यायचा असेल तर साधा तापमापक न्या. सूर्योदयाआधी तळ्याकाठी एकदा आणि टेकडीवर एकदा, दोन्हीकडे जमिनीपासून सारख्याच उंचीवर धरून नोंद करा. असंच एकदा रात्रभर आभाळ भरून राहिलेल्या पहाटेही करून बघा. ढगांनी जमिनीची उष्णता अडवलेली असल्यामुळे काठ आणि माथा यांतला फरक जवळपास नाहीसा झालेला आढळेल.