गीझरचा प्लग मऊ का पडतो?

प्रश्न : आमच्या चाळीतल्या गीझरचा प्लग पिवळा पडून मऊ झालाय. प्लास्टिक हलकं असेल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी स्विच बंद करा, गीझर वापरू नका. मूळ दोष बहुधा सैल पिनेचा आहे. 2000 वॉटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो आणि सैल जोड तापत राहतो. त्याला जोडलेल्या साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा मात्र 70 अंश सेल्सिअस.

प्लास्टिकचं म्हणाल तर, चाचणीत सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकवर 125 अंशांत तासभर पोलादी गोळी दाबतात. ठसा 2 मिलिमीटरहून रुंद उमटला तर माल नापास. शिवाय 850 अंशांची लालबुंद तार टेकवतात. तार काढल्यावर ज्वाला 30 सेकंदांत विझलीच पाहिजे. लाकडी जिन्यांच्या चाळींत ही तारेची चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते.

प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. लोहार चाळीत घ्याल तेव्हा 16 अँपिअर, आयएस 1293 हे मानक आणि आयएसआय शिक्का पाहूनच पैसे द्या.